उतार म्हणजे उधारी: ग्रँड कॅन्यनची गाडीने सफर आणि साउथ कायबॅबचा एक दिवसाचा ट्रेक

गड चढणाऱ्यांना एक सवय असते. आधी चढायचं, धाप लागली की थांबायचं, फारच जड गेलं तर अर्ध्यातून परत फिरायचं. परतीला उतारच असतो, त्यामुळे थकलेला माणूसही रखडत का होईना खाली पोचतो. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये ही सवय अंगाशी येते. इथे गाडी थेट माथ्यावर लागते आणि ट्रेक सुरू होतो तो उताराने. पाय हलके, हवा गार, समोर नजर ठरणार नाही असं दृश्य. तासभर कसा गेला कळत नाही आणि मग मागे वळून पाहिलं की भिंत दिसते. उतरताना आपण उधारीवर मजा करत असतो. वसुली परतीच्या वाटेवर होते, तीही ऊन चढल्यावर.

पहिल्या खेपेला मी हा धडा स्वस्तात शिकलो. साडेनऊला निघालो, पहिल्या टप्प्यापर्यंत पंचवीस मिनिटांत उतरलो आणि 'एवढंच?' म्हणून आणखी खाली गेलो. वर यायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, पाणी संपलं आणि शेवटच्या वळणांवर मी दर वीस पावलांनी दगडाला टेकून उभा राहत होतो. त्यानंतर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा सगळं सुरळीत झालं, कारण मधल्या काळात नियोजन उलट्या बाजूने करायला शिकलो होतो. आधी परतीची वेळ ठरवायची, मग निघायची.

खालचा बेत ॲरिझोनातल्याच फिनिक्स शहराहून निघून तीन दिवस, दोन रात्री असा आहे. तिसऱ्या दिवशी साउथ कायबॅब या दरीत उतरणाऱ्या वाटेवरचा ट्रेक. एक रात्र वाढवता आली तर फारच चांगलं. ती कुठे वाढवायची ते शेवटी सांगतो.

आधी नकाशा नीट वाचा

ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि साधारण १.६ किलोमीटर खोल आहे. त्यामुळे 'ग्रँड कॅन्यनला जायचंय' एवढं सांगून भागत नाही, कुठल्या काठाला ते ठरवावं लागतं. या लेखातला काठ दक्षिणेचा, म्हणजे साउथ रिम. तो बारा महिने उघडा असतो. समोरचा नॉर्थ रिम सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर दिसतो, पण गाडीने जायचं तर सुमारे ३४० किलोमीटरचा वळसा पडतो. तो काठ हिवाळ्यात बंद असतो आणि तिथलं जुनं लॉज २०२५ च्या जुलैमध्ये वणव्यात जळून गेलं.

नेहमीची गफलत होते ती काचेच्या स्कायवॉकवरून. तो ग्रँड कॅन्यन वेस्टला आहे. ती जागा हुआलापाई जमातीची आहे, राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही, आणि साउथ रिमपासून गाडीने चार-पाच तास लांब आहे. लास व्हेगासहून येणारी मंडळी फोनमध्ये नुसतं 'ग्रँड कॅन्यन' टाकतात आणि भलतीकडेच पोचतात. 'ग्रँड कॅन्यन व्हिलेज' (साउथ रिमवरची वस्ती) किंवा 'साउथ रिम व्हिजिटर सेंटर' असं टाका.

कधी जावं

मार्च ते मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. मला विचाराल तर ऑक्टोबर. दिवसा चालायला गार, रात्री थंडी आणि गर्दी उन्हाळ्यापेक्षा जरा कमी.

जून सगळ्यात फसवा. काठावर २७-२८ अंश सेल्सिअस म्हणजे सुखद वाटतं, पण दर हजार फूट खाली गेलं की तापमान साधारण ३ अंशांनी चढतं. दरीच्या तळाशी, कोलोराडो नदीकाठी, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर सहज जातो, कधी ४९ ला टेकतो. म्हणजे सकाळी आपण गार हवेतून भट्टीकडे चालत जातो आणि दुपारी भट्टीतून वर चढतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथला मॉन्सून असतो. आपल्यासारखी झड लागत नाही. सकाळ लख्ख असते, दुपारी ढग जमतात आणि विजा कोसळतात. उघड्या धारेवर त्या वेळी असण्यात काही शहाणपण नाही.

डिसेंबर ते मार्च बर्फ असतो. वाट उघडी असते, पण वरची वळणं सावलीत असल्याने तिथे काचेसारखा बर्फ साचतो. बुटाला चढवायचे खिळ्यांचे पट्टे, ज्यांना तिथे मायक्रोस्पाइक्स म्हणतात, नसतील तर हिवाळ्यात काठावरूनच दर्शन घ्या.

शुल्क, परवाने आणि कागद

उद्यानाचं प्रवेश शुल्क खासगी गाडीला ३५ डॉलर, सात दिवस चालतं. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो. वर्षात तीन उद्यानं होणार असतील तर तोच घ्या. २०२६ पासून मोठा बदल झालाय. अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसह अकरा गाजलेल्या उद्यानांत दर माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात, सोळा वर्षांखालची मुलं सोडून. त्यांच्यासाठी वेगळा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आई-वडील भारतातून आले असतील तर हा हिशोब आधी करून ठेवा, फाटकावर वाद घालून उपयोग नाही. तुम्ही स्वतः तिथे राहत असाल तर अमेरिकेतलं सरकारी ओळखपत्र जवळ असू द्या.

एका दिवसात जाऊन येणाऱ्या ट्रेकला परवाना लागत नाही. दरीत मुक्काम करायचा असेल तरच लागतो. काठाखाली कुत्रा नेता येत नाही आणि ड्रोन कुठेच उडवता येत नाही.

मुक्काम उद्यानाच्या आतल्या लॉजमध्ये मिळाला तर उत्तम, पण तिथली आरक्षणं कित्येक महिने आधी भरतात. दक्षिण फाटकाबाहेरचं तुसायान गाव हा दुसरा पर्याय. निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन गोष्टी नक्की पाहा: कुठल्या वाटा बंद आहेत आणि पाणी कुठे चालू आहे. काठावरचं पाणी दरीतून, १९६० च्या दशकात टाकलेल्या नळातून वर येतं. तो नळ वरचेवर फुटतो आणि मग सगळंच गणित बदलतं.

पहिला दिवस: निवडुंगापासून पाइनपर्यंत

फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आहे, आजच्या मुक्कामाचं गाव फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटरवर. दोन्हींमध्ये आय-१७ हा महामार्ग आहे, जेमतेम २३० किलोमीटरचा. नुसतं जायचं तर सव्वादोन तास पुरतात, पण तसं करू नका. या रस्त्यावर खिडकीतून बाहेर पाहणं हाच कार्यक्रम आहे. सुरुवातीला दोन्हीकडे हात वर करून उभे असल्यासारखे साग्वारो निवडुंग. घाट चढत गेलो की एका उंचीनंतर ते एकदम संपतात, कारण त्यांना गोठवणारी थंडी सोसत नाही. मग गवताळ माळ, मग बुटकी जुनिपरची झाडं आणि फ्लॅगस्टाफ जवळ आलं की उंच पाँडेरोसा पाइन. काही तासांत चार ऋतू ओलांडल्यासारखं वाटतं.

सकाळी आठला निघा. कॅम्प व्हर्दीजवळ मॉन्टेझुमा कॅसल आहे. नाव फसवं आहे, कारण मेक्सिकोच्या ॲझ्टेक राजा मॉन्टेझुमाचा या जागेशी काही संबंध नाही. कड्याच्या कपारीत पूर्वी इथे राहणाऱ्या सिनाग्वा या मूळनिवासी लोकांनी बांधलेलं पाच मजली, वीस खोल्यांचं घर आहे ते. खालूनच पाहायचं, आत जाता येत नाही, त्यामुळे तासाभरात आटोपतं.

तिथून पुढे आय-१७ सोडून राज्य मार्ग १७९ ने सेडोनाला जा. लाल खडकांचे सुळके दिसायला लागले की गाडीतली सगळी फोटोसाठी ओरडायला लागतात. वाटेतल्या बऱ्याच वाहनतळांवर रेड रॉक पास लागतो, दिवसाचा ५ डॉलर. सेडोना गावात गर्दी असते. मी तिथे जेवतो आणि निघतो, कारण खरी मजा पुढे आहे. ८९-ए या रस्त्याने ओक क्रीक कॅन्यनमधून वर चढायचं. झऱ्याच्या काठाने, झाडांच्या बोगद्यातून जाणारा हा रस्ता शेवटी नागमोडी वळणं घेत पठारावर येतो. माथ्यावर ओक क्रीक व्हिस्टा आहे, तिथे थांबून आलेला रस्ता वरून पाहा. वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांनी सेडोनात बेतानेच जेवावं.

मुक्काम फ्लॅगस्टाफला. हे पहिलं रात्रीच्या अंधाराचं जतन करणारं शहर म्हणून २००१ साली मान्यता मिळालेलं गाव. प्लूटोचा शोध इथल्याच लोवेल वेधशाळेत १९३० साली लागला. आकाश निरभ्र असेल तर संध्याकाळ तिथे घालवा. आणखी एक फायदा असा की, इथे एक रात्र झोपलं की शरीराला उंचीची थोडी सवय होते. साउथ रिमही दोन हजार मीटरच्या वरच आहे आणि समुद्रकाठाहून थेट आलेल्याला तिथे जिना चढतानाही धाप लागते.

दुसरा दिवस: दरीकडे मागच्या दाराने

फ्लॅगस्टाफहून व्हिलेजला सरळ रस्ता यूएस-१८० आणि पुढे राज्य मार्ग ६४, सुमारे १३० किलोमीटर. बहुतेक लोक यानेच जातात, फाटकावर रांगेत उभे राहतात आणि पहिल्याच गजबजलेल्या पॉइंटवर दरी बघतात. मी पूर्वेकडून जायला सांगतो. यूएस-८९ ने उत्तरेला कॅमेरूनपर्यंत, तिथून ६४ ने पश्चिमेला वळून डेझर्ट व्ह्यूच्या फाटकाने आत. अंतर वाढतं, पण दरी हळूहळू उघडत जाते आणि गर्दीही कमी लागते.

वाटेत वेळ असेल तर सनसेट क्रेटर आणि वुपाटकी यांना जोडणारा वळसा घ्या. साधारण हजार वर्षांपूर्वी उफाळलेला ज्वालामुखी आणि त्यानंतर त्याच परिसरात उभी राहिलेली लाल दगडी घरं, दोन्ही एकाच रस्त्यावर. वेळ नसेल तर थेट पुढे चला. डाव्या हाताला सॅन फ्रान्सिस्को शिखरं दिसत राहतात, त्यातलं हंफ्रीज ३,८५१ मीटरचं, ॲरिझोनातलं सर्वोच्च.

कॅमेरून नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वशासित प्रदेशाच्या हद्दीत आहे. इथे १९१६ पासूनचं व्यापारी ठाणं आहे, जेवायची आणि टाकी भरायची सोय होते. पेट्रोल इथे भरून घ्या, कारण ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये पंप नाही. डेझर्ट व्ह्यूला आणि तुसायानला आहे. पुढे लिटल कोलोराडो नदीची घळ पाहायला नवाहो लोकांनी ठेवलेला थांबा आहे. तिथे वेगळं शुल्क पडतं, राष्ट्रीय उद्यानाचा पास चालत नाही. विक्रेत्यांचे फोटो न विचारता काढू नका.

आता घड्याळाची गोष्ट. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो राष्ट्र मात्र करतं. म्हणजे मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत कॅमेरूनला तुमचा फोन गुपचूप एक तास पुढे जातो आणि काही वेळा डेझर्ट व्ह्यूलाही तिकडचाच टॉवर पकडतो. पहाटेच्या गजरावर सगळा बेत उभा असताना हा घोळ परवडत नाही. फोनमध्ये आपोआप वेळ बदलणं बंद करून 'फिनिक्स' निवडा, किंवा सरळ हातावर साधं घड्याळ बांधा.

फाटकातून आत आलं की पहिलाच थांबा डेझर्ट व्ह्यू. तिथला दगडी बुरूज मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी आखला आणि १९३२ साली बांधून झाला. सत्तर फूट उंच आहे आणि आतली भित्तिचित्रं फ्रेड काबोटी या होपी जमातीच्या चित्रकाराची. लोक बुरुजावर चढून दरी बघतात आणि चित्रांकडे पाठ करतात. तुम्ही उलटं करा, दरी पुढे पन्नास ठिकाणांहून दिसणारच आहे.

इथून व्हिलेजपर्यंतचा डेझर्ट व्ह्यू ड्राइव्ह सुमारे ३७ किलोमीटरचा आहे आणि स्वतःच्या गाडीने जाता येतो. सगळे थांबे घेत बसलात तर चौथ्या पॉइंटनंतर डोळे थकतात आणि प्रत्येक दरी सारखीच दिसायला लागते. माझी निवड दोनच: लिपान पॉइंट आणि मोरान पॉइंट. लिपानहून कोलोराडो नदीचं मोठं वळण स्पष्ट दिसतं आणि खडकांचे तिरके झालेले थरही. सूर्यास्ताआधी एक तास तिथे बसा. सूर्य बुडताना नव्हे, त्याच्या आधी रंग खरे खुलतात, कारण तेव्हा सुळक्यांच्या लांब सावल्या पडतात आणि खोली कळते. दुपारी बारा वाजता हीच दरी रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट दिसते.

अंधार पडल्यावर गाडी हळू चालवा. रस्त्याच्या कडेला एल्क जातीची मोठी हरणं चरत असतात. घोड्याएवढं जनावर एकदम समोर येतं.

झोपण्यापूर्वी सॅक भरून ठेवा. सकाळी अंधारात शोधाशोध करताना नेमकी टोपी राहते.

सॅकेत काय हवं

साउथ कायबॅब वाटेवर पाण्याचा एकही थेंब मिळत नाही. झरा नाही, नळ नाही. वाटेच्या सुरुवातीलाही पाणी हंगामापुरतंच असतं, तेव्हा मुक्कामावरूनच भरून निघा. वाटेवरच्या सीडर रिज या अलीकडच्या थांब्यापर्यंत जाणार असाल तर गार हवेत माणशी २ लिटर, गरम दिवसांत ३. त्याच्या खालच्या स्केलेटन पॉइंटपर्यंत जाणार असाल तर ४.

नुसतं पाणी पीत राहणं हीसुद्धा चूक आहे, आणि ही चूक काळजी घेणारेच करतात. घामातून मीठ जातं, वरून लिटर लिटर साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशी लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात आणि लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून दर थांब्याला काहीतरी खारट खा: खारे शेंगदाणे, चिवडा, बिस्किटं. एका बाटलीत ओआरएसची पुडी टाका. भूक नसली तरी खायचंच, कारण उन्हात भूक मरते आणि ताकद नकळत संपते.

बाकी: रुंद कडांची टोपी, उन्हापासून वाचवणारा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, काठावरच्या थंडीसाठी एक जाकीट, पहाटेसाठी डोक्याला लावायची बॅटरी आणि शिट्टी. बूट जुनेच घाला, नवे नकोत. उतारावर पायाची बोटं सारखी बुटाच्या टोकाला आपटतात, त्यामुळे आदल्या दिवशी नखं कापा आणि लेस घोट्यापाशी घट्ट बांधा. गुडघे कुरकुरणारे असतील तर दोन काठ्या घ्या. त्यांचा उपयोग उतरताना जास्त होतो.

तिसरा दिवस: साउथ कायबॅब

इथे प्रसिद्ध वाटा दोन. ब्राइट एंजल आणि साउथ कायबॅब. ब्राइट एंजल घळीतून उतरते, हंगामात तिच्यावर पाणी मिळतं, थोडी सावलीही असते. कायबॅब उघड्या धारेवरून जाते, म्हणून सावली नाही, पण दोन्ही बाजूंना दरीचं दृश्य शेवटपर्यंत सुटत नाही. थोड्याच अंतरात सगळ्यात जास्त बघायचं असेल तर ही वाट. ती का निघाली त्याची गोष्टही मजेशीर आहे. ब्राइट एंजलवर राल्फ कॅमेरून नावाच्या पुढाऱ्याने टोल बसवला होता. वाद मिटेना, तेव्हा उद्यान खात्याने १९२४-२५ मध्ये ही स्वतःची वाट खोदून काढली.

सुरुवातीच्या जागेपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. उद्यानाची मोफत शटल बस घ्यावी लागते. त्यात पहाटेची एक खास ट्रेकर्स बस असते. ती ब्राइट एंजल लॉज, बॅककंट्री कार्यालय आणि व्हिजिटर सेंटरवरून माणसं घेऊन थेट वाटेच्या तोंडाशी सोडते. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. भर उन्हाळ्यात पहाटे चारपासून, हिवाळ्यात आठच्या सुमारास. आदल्या संध्याकाळी वेळापत्रक बघून ठेवा. ती चुकली तर व्हिजिटर सेंटरहून नारिंगी मार्गाची बस पकडा.

वाट २,२१३ मीटरवर सुरू होते. शौचालय इथे वापरून घ्या. घड्याळ बघा आणि निघायची वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. परत फिरायचा निर्णय याच आकड्यावरून होणार आहे.

पहिला भाग तीव्र, आखूड वळणांचा. बाजूच्या भिंती फिकट पिवळ्या चुनखडीच्या, सुमारे २७ कोटी वर्षांच्या. नीट पाहिलं तर त्यात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. वाळवंटातल्या सर्वात उंच थरात समुद्राचा तळ! आपला सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तो लाव्हा ओतला जात होता तेव्हासुद्धा हा दगड म्हातारा होता. आणि हा इथला सगळ्यात तरुण थर. नदीपाशी १७० कोटी वर्षांहून जुना खडक आहे.

वळणं संपली की वाट कड्याला चिकटून आडवी जाते आणि एका नाकाडावर येऊन एकदम पूर्वेकडची दरी उघडते. हाच ऊ-आह पॉइंट. वरून सुमारे दीड किलोमीटर. माणसं तिथे येऊन जे उद्गार काढतात तेच नाव पडलंय. सूर्योदयाला इथे पोचायचं असेल तर अर्धा-पाऊण तास आधी निघा. पहिल्यांदाच येणारे, लहान मुलं बरोबर असलेले किंवा दुपारी उशिरा निघालेले, यांनी इथूनच मागे वळावं. त्यात काही कमीपणा नाही. जाऊन येऊन दीड-दोन तासांचा उत्तम ट्रेक होतो.

ऊ-आहच्या खाली कोकोनिनो वालुकाश्मातून उतरताना भिंतीवरच्या तिरक्या रेघा बघा. त्या वाळूच्या टेकड्यांच्या बाजू आहेत, वाऱ्याने रचलेल्या आणि तशाच दगड झालेल्या. म्हणजे वर समुद्र आणि त्याच्या खाली त्याहून जुनं वाळवंट. मग पायाखालची माती लाल होते आणि धार रुंद होत सीडर रिज येतं. सुरुवातीपासून अडीच किलोमीटर, सुमारे ३४० मीटर खाली. नावात सीडर असलं तरी झाडं जुनिपरची आहेत. इथे शौचालय आहे, पाणी नाही. समोर ओनील ब्यूट हा लाल सुळका उभा असतो. आकाशाकडे लक्ष असू द्या, कधी पंखांवर क्रमांकाची पट्टी लावलेला मोठा काळा पक्षी तरंगताना दिसतो. तो कॅलिफोर्निया कॉन्डोर. १९८७ मध्ये रानात उरलेले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले होते. ॲरिझोनात १९९६ पासून ते पुन्हा सोडले गेले.

सीडर रिजवर बसून खा, पण सॅक मिठीत धरून. इथल्या खारी लाडावलेल्या आहेत, चेन उघडतात आणि चावतातही. त्यांना खायला घालणं बेकायदेशीर आहे.

आता ठरवायची वेळ. पुढे स्केलेटन पॉइंट आहे, वरून ४.८ किलोमीटर आणि ६२० मीटर खाली. तिथून पहिल्यांदा नदी दिसते. उद्यान खातं उन्हाळ्यात एका दिवसाच्या ट्रेकसाठी याच्याखाली जाऊ नका म्हणून सांगतं आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येणं तर कधीच करू नका म्हणून बजावतं. माझी कसोटी साधी आहे. एकूण वेळ आणि पाण्याचे तीन भाग करा. एक भाग उतरायला, दोन भाग चढायला. तीन तास हातात असतील तर एक तास झाल्यावर, जिथे असाल तिथून, मागे फिरा. उतरायच्या भागाचं पाणी आधी संपलं तर तेव्हाच फिरा. आणि हे गटातल्या सगळ्यात मंद माणसाच्या हिशोबाने, सगळ्यात उत्साही माणसाच्या नव्हे. उत्साही माणूस 'त्या वळणापर्यंत तरी' म्हणणारच. दरीत वळणं संपत नाहीत.

सीडर रिजला जाऊन यायला दोन ते चार तास धरा, स्केलेटनला चार ते सहा. गरम महिन्यांत सकाळी दहाच्या आत काठावर परत आलेलं बरं. दहा ते चार या वेळात तिथे चढ चढायचा नसतो.

चढ

बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाला पाच-दहा मिनिटं बसा, पाय जरा वर ठेवा. वाटेत सावलीचा तुकडा दिसला की वापरा, पुढचा कधी येईल सांगता येत नाही. टोपी आणि शर्ट भिजवायला थोडं पाणी राखून ठेवलं असेल तर चढाच्या मध्यावर त्याची किंमत कळते. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा शिरस्ता आहे, तेव्हा उतरणारे बाजूला होतील. तुम्हीही उतरताना तसंच करा.

खेचरांचा तांडा आला तर हाकणारा सांगेल तिथे, कड्याच्या आतल्या बाजूला, गप्प उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीही नाही. शेवटचं खेचर पंधरा मीटर पुढे जाईपर्यंत हलायचं नाही.

कुणाला उलटी झाली, बोलणं असंबद्ध झालं किंवा कातडी तापून घाम थांबला, तर ट्रेक तिथेच संपला. सावलीत बसवा, ओलं करा, वारा घाला आणि मदत मागवा. फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याकरवी निरोप पाठवा. वाटेच्या तोंडाशी गणवेशातली माणसं 'पाणी किती घेतलंय, कुठपर्यंत जाणार' असं विचारतात. ती चौकशी खोचक वाटते, पण दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना या दरीतून सोडवून आणावं लागतं.

परतीचा रस्ता

काठावर पोचलात, अंघोळ झाली, पोटभर जेवलात की झोप येते. त्याच अवस्थेत फिनिक्सपर्यंत ३७० किलोमीटर गाडी चालवणं मला पटत नाही. वाढवायची रात्र ती हीच. दुपारी ६४ आणि १८० ने फ्लॅगस्टाफपर्यंत, सुमारे दीड तास. सॅन फ्रान्सिस्को शिखरांच्या पायथ्याने रस्ता जातो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतारावरची ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आय-१७ ने खाली. त्याच दिवशी जाणं भागच असेल तर गाडी चालवणारा माणूस ऊ-आहवरूनच परत फिरलेला असावा, हे आदल्या रात्रीच ठरवून टाका.

उतारावर काम करणारे स्नायू दुसऱ्या दिवशी बोलतात, तिसऱ्या दिवशी जास्त. जिना उतरताना कठड्याला धरून तिरकं उतरावं लागलं तर घाबरू नका, चौथ्या दिवशी सुटतं. बूट मात्र गाडीत ठेवण्याआधी उलटे करून झटका आणि पिशवीत बांधा. सीडर रिजची लाल माती भाड्याच्या गाडीच्या फिकट आसनावर एकदा बसली की निघत नाही.